हलवलेला गुलाब

मोगलांच्या काळी नाशिकला गुलशनाबाद म्हणत. गुलशन म्हणजे फुलबाग. आमच्या देवळाली कॅम्पातही अंगणात गुलाब लावायची हौस पुष्कळांना आहे.

गुलाब हलवायचा तो पावसाळा सरल्यावर किंवा थंडीत. पण कधी घराला खोली वाढवायची असते, कधी वाट रुंद करायची असते. मग चैत्रातच झाड हलवावे लागते. पुढे वैशाखाचे ऊन. असे झाड कसे जगवावे, ते आपण पाहू.

झाड खणताना बारीक मुळ्या तुटतात. पाणी पितात त्या याच मुळ्या. वर पाने मात्र तेवढीच. खर्च तोच, मिळकत कमी. असा संसार किती दिवस चालेल? म्हणून आधी खर्च कमी करावा.

झाड संध्याकाळी हलवावे. लांब फांद्या छाटाव्यात. मुळांभोवतीची माती फुटू नये म्हणून ओले गोणपाट बांधावे. नव्या जागी लावताना गोणपाट सोडावे. कलमाचा जोड मातीच्या वर ठेवावा. आळे करून भरपूर पाणी द्यावे.

दोन-तीन आठवडे पश्चिमेकडून तुराट्यांची तट्टी उभी करावी. आळ्यात पालापाचोळा पसरावा, पण तो खोडाला चिकटू देऊ नये. सकाळी बोट मातीत घालून पाहावे. दोन पेरे माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. काळ्या जमिनीत पाणी साचले तर मुळे कुजतात, बरं का!

खताची घाई नको. आजारी माणसाला आपण पुरणपोळी वाढतो का? आधी पेजच देतो. पहिल्या कळ्याही खुडाव्यात. जिवावर येते खरे, पण ते बळ मुळांना मिळते. जोडाच्या खालून फुटवा आला तर तो मुळापासून काढावा. तो जंगली खुंटाचा असतो.

आठ दिवसांत पाने गळतात. मग घरातले म्हणतात, "मेलं झाड, टाका उपटून." थांबा! फांदीची साल नखाने जरा खरवडा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. अशी कितीतरी जिवंत झाडे उकिरड्यावर जातात.

थंड देशांत पिओनी नावाचे मोठे फूल असते. ते झाड हलवले की पुष्कळदा एक-दोन वर्षे फुलत नाही. तिथले माळी वाट पाहतात. आपल्याला तर एक उन्हाळाच काढायचा आहे. पावसात नवी पालवी जोमाने वाढू लागली की कुजलेले शेणखत घालावे. मग थंडीत फुले येतील.

प्रश्न
१. हलवलेल्या झाडाला पाणी कमी का पडते?
२. झाड जिवंत आहे हे कसे ओळखाल?
३. पहिल्या कळ्या का खुडाव्यात?