शिकवणीसाठी शिक्षक निवडताना

गणिताची अथवा अर्थशास्त्राची खासगी शिकवणी लावण्याचा विचार पालकांच्या मनात बहुधा चाचणीचा निकाल हाती पडल्यावरच येतो, आणि तोवर घरातील वातावरण इतके तंग झालेले असते, की शांतपणे चौकशी करण्यास लागणारी मनाची स्वस्थता कोणापाशीच उरत नाही; परिणामी शेजारच्या मुलाला ज्यांच्याकडे उत्तम गुण मिळाले त्यांच्याकडेच आपल्या मुलाची रवानगी होते, आणि त्या मुलाची अडचण व आपल्या मुलाची अडचण यांत काही साम्य आहे किंवा नाही, हा मूळ प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो. माझे आग्रहाचे सांगणे असे, की शिक्षकाची पदवी, त्याचा लौकिक आणि त्याच्या विद्यार्थ्यांचे निकाल यांच्याही आधी पालकांनी एकाच गोष्टीची खातरजमा करावी: विद्यार्थ्याचे उत्तर चुकले असता तो काय करतो?

नववीतील मुलगा दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग करताना त्या संख्यांच्या वर्गांची नुसती बेरीज लिहितो, ही चूक कोणत्याही गणित-शिक्षकाच्या नित्य परिचयाची आहे. एक शिक्षक अशा वेळी काट मारून सूत्र दहा वेळा लिहावयास सांगतो. दुसरा त्याला ३ आणि ४ या संख्या घेऊन पाहावयास सांगतो, ७ चा वर्ग ४९ आणि ९ व १६ यांची बेरीज मात्र २५, हे त्याच्याच हातून लिहवून घेतो, आणि मग ७ एकक बाजूचा चौरस काढून राहिलेले २४ चौरस एकक कोठे गेले याचा शोध त्यालाच करावयास लावतो. प्रत्येकी १२ चौरस एककांचे दोन आयत त्या मुलाला स्वतः सापडले, म्हणजे विस्तारसूत्रातील मधले पद तो सहसा विसरणार नाही. असा शिक्षक पुष्कळदा आणखी मागे जातो, कारण दहावीच्या बीजगणितात अडखळणाऱ्या मुलाचा खरा अडसर सहावी-सातवीतल्या अपूर्णांकांत किंवा ऋण संख्यांत असल्याचे वारंवार आढळते. आणि दहावीच्या मुलाला सहावीचे पुस्तक उघडावयास सांगण्याचे धैर्य ज्या शिक्षकापाशी आहे, त्याच्याविषयी पालकांनी नाराजी न धरता विश्वासच बाळगावा.

अर्थशास्त्राची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण तेथे अज्ञान लपून राहू शकते. गणितात पायरी चुकली की उत्तर चुकते. अर्थशास्त्रात मात्र गाईडमधील व्याख्या आणि अपेक्षित प्रश्नसंचातील मुद्दे पाठ करून पानेच्या पाने भरता येतात, आणि विषयाचा गंधही नसताना बरे गुण पदरात पडतात. बारावीच्या पुस्तकातील मागणीचे प्रकरण घ्या. मागणीतील विचलन आणि मागणीतील बदल यांतील भेद विद्यार्थी तक्त्याच्या स्वरूपात घडाघडा सांगतो. परंतु लासलगावच्या बाजारात कांदा उतरला म्हणून गृहिणीने एक किलोऐवजी दोन किलो घेतला, हे विचलन की बदल, आणि चातुर्मासात कांदा वर्ज्य असल्यामुळे भाव तोच असूनही तिने तो घेतलाच नाही, हे काय, असे विचारताच तो गोंधळतो. पहिल्या प्रसंगी आपण त्याच मागणी-वक्रावर वरून खाली सरकतो, दुसऱ्या प्रसंगी अवघा वक्रच डावीकडे सरतो. आणि हे जो आपल्या हाताने आकृती काढून दाखवू शकतो, त्याला पुढे लवचिकता, निर्देशांक व राष्ट्रीय उत्पन्न ही प्रकरणे भयावह वाटत नाहीत. म्हणून अर्थशास्त्राच्या शिक्षकाची पारख करताना, तो टिपणे किती देतो हे न विचारता, तो विद्यार्थ्याकडून आकृत्या व उदाहरणे किती काढून घेतो, हे विचारावे.

हे दोन विषय परस्परांपासून जितके दूर समजले जातात तितके ते नाहीत. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात अध्यापन करताना गणितही शिकविले आणि अर्थशास्त्रही. त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळांतून चालले, आणि १९०२ पासून व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांनी जी भाषणे केली, त्यांचे बळ आकड्यांच्या बिनतोड मांडणीत होते. आजही वाणिज्य शाखेत गणित टाळून चिटणिसाची कार्यपद्धती घेणाऱ्या विद्यार्थ्याने पुढचा रस्ता आधी न्याहाळावा. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्ससाठी अर्थशास्त्र घ्यावयाचे तर प्रवेशपरीक्षेत गणित द्यावे लागते. सनदी लेखापालाच्या फाउंडेशन परीक्षेत व्यवसायगणित-सांख्यिकी आणि व्यवसाय-अर्थशास्त्र या दोहोंच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. केवळ भीतीपोटी गणित सोडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी दोन-तीन महिने उत्तम शिकवणी लावून पाहणे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

शिक्षक शोधावा कोठे? गावात महाविद्यालय असेल तर तेथील गणित वा अर्थशास्त्र विभागात एम.ए., एम.एस्सी. करणारे विद्यार्थी असतात, आणि त्यांच्या प्राध्यापकांची शिफारस ही भिंतीवरच्या जाहिरातीपेक्षा कितीतरी भरवशाची असते. निवृत्त शिक्षक-शिक्षिका तर बहुतेक प्रत्येक पेठेत सापडतात, आणि त्यांची सबुरी तरुणांमध्ये क्वचितच आढळते. मुलाच्या स्वतःच्या वर्गशिक्षकालाच गळ घालू नये, कारण २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या २८ व्या कलमाने शिक्षकास खासगी शिकवणी करण्यास मनाई केली आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी-वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, मध्येच वर्ग सोडणाऱ्यास उरलेल्या मुदतीची फी परत मिळावी असे त्यांत नमूद केले. परंतु ती पन्नासांहून अधिक विद्यार्थी असलेल्या वर्गांना उद्देशून आहेत. घरगुती शिकवणी त्या कक्षेबाहेर राहते, आणि म्हणून तेथील अटी पालकांनीच मुकरर केल्या पाहिजेत. फी दरमहा द्यावी, वर्षाची रक्कम एकदम भरू नये. पहिले दोन-तीन तास परीक्षेदाखल ठेवावेत. शिकवणी घरात असो वा शिक्षकाच्या घरी, खोलीचे दार उघडे असावे आणि कोणी वडीलधारे माणूस जवळपास असावे, ही अट संकोच न करता पहिल्याच दिवशी सांगावी.

त्या पहिल्या तासांनंतर मुलाला, सर किंवा बाई आवडल्या का, एवढेच विचारून थांबू नका. आज शिकलेले एक उदाहरण आपल्याला समजावून देण्यास त्याला सांगा. आपल्याला तो विषय येत नसला तरी चालेल, कारण बोलणारा स्वतःच्या समजुतीने बोलतो आहे की ऐकलेले परत म्हणतो आहे, हे आईबापांना आवाजावरून उमगते. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही एक निराळी वही ठेवा, तीत केवळ चुकलेली उदाहरणे आणि ती कोणत्या पायरीवर चुकली एवढेच लिहा, आणि शिकवणीला जाताना प्रथम तीच पुढे करा.

दिवाळीच्या सुट्टीत पालक, शिक्षक आणि विद्यार्थी यांनी एकत्र बसून ती वही चाळावी. एकाच प्रकारची चूक जूनमध्ये होती तशीच ऑक्टोबरातही होत असेल, तर शिक्षक बदलण्याविषयी मोकळेपणाने बोलावे. चुका बदलत व कमी होत गेल्या असतील, तर दुसऱ्या सत्रात तीन दिवसांची शिकवणी दोन दिवसांवर आणावी, आणि पूर्वपरीक्षेच्या सुमारास आठवड्यातला एकच दिवस ठेवावा. त्या दिवशी कोणते प्रश्न सोडवावयाचे, हे शिक्षकाने नव्हे, विद्यार्थ्याने ठरवावे.