चिंध्यांची ऊब : टबीथाकडून घेण्याचा धडा



घरातील माणूस देवाघरी गेले की पहिले काही दिवस घर भरलेले असते. नातेवाईक येतात, शेजारी जेवणाचे डबे आणतात, संध्याकाळी रोझरी होते. मग सातव्या दिवसाची मिस्सा होते, महिन्याची होते. हळूहळू येणारी पावले कमी होतात. ज्याचे त्याचे काम सुरू होते आणि ते योग्यही आहे. पण घरात जी व्यक्ती मागे उरली तिची दुपार मात्र लांबत जाते. सकाळचा डबा करायचा नाही, औषधांच्या वेळा पाहायच्या नाहीत, कोणाची वाट पाहायची नाही. चाळीस वर्षे ज्या कामांनी दिवस भरला होता ती कामेच संपतात.

असा मोठा बदल केवळ वैधव्यानेच येतो असे नाही. नोकरीतून निवृत्ती, मुले परदेशी जाणे, वाडीतले जुने घर सोडून इमारतीत राहायला येणे, दीर्घ आजार, या सगळ्यांनंतर माणसाला एकच प्रश्न पडतो : आता माझा उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर नुसत्या उपदेशाने मिळत नाही. ‘देवावर भरवसा ठेवा’ हे आपण सांगतो आणि ते खरेच आहे. पण त्या भरवशाला हातापायाची जोड लागते. या रविवारी आपण त्याच दृष्टीने पवित्र शास्त्रातील एका स्त्रीकडे पाहू या आणि आपल्या सर्वांच्या घरात असलेल्या एका साध्या वस्तूकडेही. ती वस्तू म्हणजे गोधडी.

१. यापोची टबीथा

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ९व्या अध्यायात (ओव्या ३६ ते ४३) टबीथाची हकिकत आहे. यापो हे समुद्रकाठचे गाव. आज ते इस्राएलमधील तेल अवीव शहराला लागून असून जाफा या नावाने ओळखले जाते. टबीथा हे अरामी भाषेतील नाव, ग्रीक भाषेत दुर्कस. दोन्हींचा अर्थ हरिणी. संत लूक तिला शिष्या म्हणतो. ती सत्कृत्ये आणि दानधर्म यांत गढलेली होती असेही सांगतो. ती आजारी पडून मरण पावते. तिला स्नान घालून माडीवर ठेवतात. जवळच लोद गावी संत पेत्र आहे असे कळल्यावर दोन माणसे त्याला बोलावून आणतात.

आता पुढचा प्रसंग नीट पाहा. पेत्र माडीवर येतो तेव्हा गावातील विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात. त्या टबीथाची स्तुती करणारे भाषण करीत नाहीत. तिने त्यांच्याबरोबर असताना शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्या पेत्राला दाखवितात. पेत्र सर्वांना बाहेर पाठवून गुडघे टेकतो, प्रार्थना करतो, तिला उठण्यास सांगतो आणि हात देऊन उभी करतो. मग तो भाविकांना व विधवांना बोलावतो आणि ती जिवंत असल्याचे त्यांना दाखवितो.

यातून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, टबीथा स्वतः विधवा होती की नाही हे शास्त्र सांगत नाही. पण ती विधवांच्या सोबत होती हे सांगते. दुसरी, सुई-दोऱ्याचे काम शास्त्राने क्षुल्लक मानलेले नाही, तिच्या शिष्यपणाची साक्ष म्हणून तेच पुढे आले. तिसरी, पेत्राने विधवांना आवर्जून बोलावले. टबीथाचे उठणे हा एकटीचा आनंद नव्हता. तो त्या सर्व मैत्रिणींना परत मिळालेला आनंद होता.

त्याच पुस्तकाच्या ६व्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटणीची नीट व्यवस्था व्हावी म्हणून सात जणांची निवड झाल्याचे आपण वाचतो. म्हणजे आरंभीच्या ख्रिस्तसभेत एकट्या पडलेल्या स्त्रियांची काळजी हे काम कोणाच्या सवडीवर सोडलेले नव्हते.

२. पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी

अमेरिकेतील अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज तेथे शेती करून राहतात. घरात थंडी, हातात पैसा नाही. म्हणून तेथील स्त्रिया फाटके कपडे, पोती, जुने अभ्रे जोडून गोधड्या शिवीत. मिसूरी पेटवे ही त्यांपैकी एक. पती वारल्यानंतर १९४२ साली तिने त्याचे शेतातील कामाचे कपडे घेतले. गुडघ्यावर विरलेल्या विजारी, विटलेले सदरे फाडून तिने त्यांची गोधडी केली. मुलगी आर्लोन्झिया तिला मदतीला होती. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेच्या पांघरुणाखाली निजावे, एवढीच आईची इच्छा होती, असे या मुलीने पुढे सांगितले.

त्या गोधडीवर घामाचे डाग तसेच आहेत. कष्टाने झिजलेले कापड कुठे फिकट, कुठे गडद आहे. मिसूरीने पतीचे कपडे जाळले नाहीत, आणि पेटीत कुलूपबंदही ठेवले नाहीत. तिने त्यांना नवे काम दिले. जीज बेंडच्या गोधड्यांचे मोठे प्रदर्शन २००२ साली ह्यूस्टन येथील संग्रहालयात भरले, नंतर ते न्यूयॉर्कला गेले. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. परंतु गोधडी शिवताना मिसूरीच्या मनात यातले काहीच नव्हते. तिला केवळ आपले दुःख अंगावर घेता येईल असे करायचे होते.

३. सिद्दी भगिनींची कवंदी

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, येल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले. त्यांतील अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते, तेथून निसटून ते सह्याद्रीच्या रानात शिरले. या समाजात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि आपल्यासारखे कॅथलिकही आहेत. त्यांच्या कोकणी बोलीत मराठी व कानडी शब्द मिसळलेले आहेत.

सिद्दी स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. ती कडेपासून सुरू होते. शिवणारी एकेक ठिगळ आत दुमडून लावीत, चारही बाजूंनी फिरत फिरत मध्यभागी पोहोचते. चार कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फूल म्हणतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. कॅथलिक स्त्रिया कधी कधी रंगीत ठिगळांचे क्रूस जोडतात. २००४ साली या स्त्रियांची एक सहकारी संस्थाही उभी राहिली आणि तिन्ही धर्मांच्या स्त्रिया तीत एकत्र आल्या.

कोपऱ्यावरच्या फुलांनी ऊब वाढत नाही. तरीही ज्यांच्या पूर्वजांचे घर, गाव, भाषा हिरावली गेली त्या स्त्रिया फूल लावल्याशिवाय सुई ठेवीत नाहीत. आनंद ही परिस्थिती सुधारल्यावर करायची गोष्ट नसून हातातील कामातच करायची गोष्ट आहे, हे त्यांच्याकडून शिकावे.

४. गोधडीच का?

कोणी विचारील, हे काम आता कशाला? बाजारात ब्लँकेट स्वस्त मिळते. आमचे उत्तर असे की येथे मुख्य गरज पांघरुणाची नाही.

एक, समोरासमोर बसून दुःख सांगणे अनेकांना जमत नाही. हात कामात असले आणि नजर टाक्यावर असली की शब्द सहज येतात. नाही आले तरी गप्प बसणे अवघड वाटत नाही.

दोन, गोधडी एकट्याने होते, पण चार जणींनी चांगली होते. एकीने कोपरा ताणून धरावा लागतो, दुसरीने सुईत दोरा ओवावा लागतो. जिची नजर अधू तिला तरुण हात लागतात, आणि तरुण हातांना तिचा अनुभव लागतो. प्रत्येकीची कोणाला तरी गरज भासते.

तीन, हे काम सावकाश चालते. दुःखही सावकाशच ओसरते. आज दोन ओळी झाल्या, पुढच्या आठवड्यात आणखी दोन. त्यामुळे पुढच्या आठवड्यात येण्याला कारण राहते.

चार, गोधडी जुन्या कापडाचीच मऊ होते. कोरे कापड अंगाला बोचते. झिजलेल्या आयुष्याला देव टाकाऊ मानीत नाही, हे याहून सोप्या शब्दांत कसे सांगावे?

संत पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आरंभी हेच समजावतो. देव आपले सांत्वन करतो ते आपल्यापाशी थांबण्यासाठी नव्हे, तर त्याच सांत्वनाने आपण दुसऱ्यांचे सांत्वन करावे म्हणून.

५. आपल्या धर्मग्रामात काय करता येईल?

फादरांशी बोलून आठवड्यातील एक दुपार आणि एक खोली ठरवावी. सुरुवात लहान करावी. साडेपाच मीटरची एक जुनी सुती साडी धुऊन, उन्हात वाळवून तिची सहा पदरी घडी केली की साधारण तीन फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद अशी बाळाची गोधडी होते. घडी सतरंजीवर पसरून सुरकुत्या काढाव्यात. मधून कडेकडे मोठे कच्चे टाके घालून पदर जागेवर बसवावेत. मग कडेपासून आत बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी घालाव्यात. शेवटी कच्चे टाके उसवावेत. बोटाला अंगुस्तान हवेच, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांनी ते विसरू नये.

पहिल्या गोधड्या धर्मग्रामात बाप्तिस्मा होणाऱ्या बाळांना द्याव्यात. जिने पती गमावला तिच्या हातची ऊब नव्या जिवाला मिळेल. नंतर वृद्धाश्रमासाठी मोठ्या गोधड्या करता येतील. २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या दिवशी, आपल्या माणसांच्या कपड्यांतून केलेल्या गोधड्या वेदीजवळ आणून त्यांच्यासाठी प्रार्थना करता येईल. पुरुषांनीही दूर राहू नये. पत्नी गमावलेल्या पुरुषाला तिच्या साडीचे काय करावे हे बहुधा सुचत नाही आणि तो कोणाला विचारीतही नाही.

बोलावणे मात्र नुसते सूचनाफलकावर लावून भागणार नाही. दोघींनी घरी जावे, ‘आम्ही बुधवारी तुम्हांला न्यायला येतो’ असे सांगावे आणि खरोखर न्यायला जावे.

६. काही पथ्ये

घाई करू नये. कपडे कधी कापायचे हे ज्याच्या घरातले माणूस गेले त्याने ठरवावे. कोणाला वर्ष लागेल, कोणाला कधीच कापावेसे वाटणार नाही. त्याने दुसऱ्यांसाठी शिवावे.

हसू आले म्हणून अपराधी वाटून घेऊ नये, आणि कोणी हसले म्हणून ‘एवढ्यात विसरली’ असे म्हणू नये. असल्या एका वाक्याने माणूस पुन्हा महिनोन्‌महिने घराबाहेर पडत नाही. आपल्या गावांत हे घडते, म्हणून स्पष्ट लिहितो.

तेथे ऐकलेली गोष्ट तेथेच ठेवावी.

कोणाची झोप, भूक दीर्घ काळ हरपली असेल, जगणे नकोसे झाल्याचे बोल निघत असतील तर सुईदोऱ्यावर विसंबू नये. त्या व्यक्तीला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे आणि फादरांनाही कळवावे.

नामी मवाबातून बेथलेहेमला परतली तेव्हा पती आणि दोन्ही मुलगे गमावलेले होते. आपले नावच कडू झाले आहे असे ती गावातल्या बायकांना म्हणाली. रूथने तिच्याशी वाद घातला नाही. ती सोबत राहिली आणि दुसऱ्या दिवसाच्या भाकरीसाठी शेतात सरवा वेचायला गेली. त्या पुस्तकाच्या शेवटी नामीच्या मांडीवर नातू आहे आणि त्याच बायका आनंद करीत आहेत. मधल्या काळात जे घडले ते साध्या रोजच्या कामातून आणि सोबतीतून घडले.

घरी चर्चेसाठी :

१. गेल्या वर्षभरात आपल्या वाडीत कोणाच्या घरी मृत्यू झाला? त्या घरी आपण शेवटचे कधी गेलो?

२. यापोच्या विधवांनी पेत्राला वस्त्रे दाखविली. आपल्यामागे आपले शेजारी काय दाखवू शकतील?

३. आपल्या कपाटातील कोणते कापड दुसऱ्याची ऊब होऊ शकेल?

प्रार्थना : हे प्रभो, नाईन गावच्या विधवेचे अश्रू पाहून तुला कळवळा आला. आमच्यात जे एकटे पडले आहेत त्यांच्या दारी जाण्याची बुद्धी आम्हांला दे. आमच्या हातांना काम दे आणि आमच्या कामात सोबत दे. आमेन.