शिरा तुंबतात तेव्हा: हृदयशस्त्रक्रियेनंतरची सोनोग्राफी

देवास किंवा धारच्या घरातले कोणी हृदयाच्या ऑपरेशनसाठी इंदूरला दाखल आहे असे समजा. ऑपरेशन नीट झाले, पण दुसऱ्या दिवशी कळते की लघवी कमी होतेय. घरच्यांना वाटते, अंगात पाणी कमी पडले, सलाइन वाढवा!

हे कधी बरोबर असते, तर कधी अगदी उलट. 1990 साली देवासला रेल्वेने पाणी आणावे लागले. तिथे दुखणे तहानेचे होते. पण धारचा मुंज तलाव काठोकाठ भरला आणि पाणी पुढे जायची वाट बुजली, तर आजूबाजूची जमीन चिबडेल. तिथे आणखी पाणी सोडून काय उपयोग?

मूत्रपिंडाचेही तसेच. त्यातून रक्त ढकलणारा जोर म्हणजे, ढोबळमानाने, धमनीतला सरासरी दाब वजा शिरेतला दाब. धमनीत 65 आणि शिरेत 5 असेल, तर उरतात 60. शिरेत 20 झाले की उरतात 45. धमनीचा आकडा मात्र तोच! ऑपरेशननंतर हृदयाची उजवी बाजू थकली असेल आणि सलाइनही बरेच गेले असेल, तर रक्त असे मागे तुंबते.

हे तुंबणे सोनोग्राफीत दिसते. या पद्धतीला ‘व्हेक्सस’ म्हणतात. आधी पोटातली मोठी शिरा, म्हणजे अधोमहाशिरा मोजतात. ती 2 सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असेल, तर डॉप्लरने तीन ठिकाणचा प्रवाह पाहतात. यकृताच्या शिरेत रक्त उलटे फिरते का? पोर्टल शिरेतला एरवी संथ असणारा प्रवाह 50 टक्के किंवा त्याहून जास्त चढउतार करतो का? मूत्रपिंडातला अखंड प्रवाह तुटक होऊन ठोक्यागणिक एकदाच वाहतो का? यांपैकी दोन ठिकाणी तीव्र बिघाड असेल, तर ती तिसरी, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणी.

2020 मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या 145 रुग्णांच्या नोंदींवरून ही श्रेणी मांडली. तिसऱ्या श्रेणीचा मूत्रपिंडाच्या इजेशी ठळक संबंध दिसला.

तरी यंत्राचा शब्द शेवटचा नाही. व्हेंटिलेटरवर अधोमहाशिरा रुंद दिसू शकते. हृदयाची उजवी झडप गळत असेल किंवा यकृत आजारी असेल, तरी चित्र फसवते. म्हणून रक्तदाब, सूज, वजन हे सगळे जोडूनच डॉक्टर ठरवतात: सलाइन द्यायचे, की ते थांबवून लघवीचे औषध द्यायचे.

तेव्हा लघवी कमी झाली की “सलाइन लावा ना” म्हणण्याआधी एवढेच विचारू या: “डॉक्टर, पाणी कमी पडलंय, की तुंबलंय?”