घटक ४ : एचआयव्ही आणि एड्स – संज्ञा, अर्थ व समज

४.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• 'एचआयव्ही' व 'एड्स' या संज्ञांतील भेद स्पष्ट करता येईल.
• संसर्गाचे मार्ग सांगता येतील.
• या विषयावरील मराठी मजकुरातील सदोष शब्दयोजना ओळखता येईल.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ दोन संज्ञा, दोन अर्थ
'त्याला एड्सची लागण झाली' असे वाक्य आपण वाचले असेल. ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. अर्थदृष्ट्या मात्र सदोष आहे. लागण होते ती एचआयव्ही या विषाणूची. हा विषाणू रक्तातील सीडी-४ पेशींचा नाश करतो. उपचार न मिळाल्यास काही वर्षांत प्रतिकारशक्ती क्षीण होते. एक घनमिलिमीटर रक्तात या पेशी २०० हून कमी झाल्या किंवा विशिष्ट संधिसाधू आजार जडले, की त्या अवस्थेस 'एड्स' म्हणतात. तोपर्यंत बाधित व्यक्ती निरोगी दिसू शकते. म्हणून निदान दिसण्यावरून नव्हे, रक्तचाचणीनेच होते.

४.२.२ 'संसर्ग' हा शब्द
संस्कृतातून आलेल्या 'संसर्ग' या शब्दाला सहवास, संपर्क असाही अर्थ आहे. त्यामुळे 'एचआयव्हीचा संसर्ग' म्हणताच सहवास टाळावा, असा ग्रह होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. हा विषाणू मुख्यतः पुढील मार्गांनी पसरतो :
(अ) बाधित व्यक्तीशी असुरक्षित लैंगिक संबंध;
(आ) बाधित रक्त शरीरात जाणे;
(इ) एकच सुई वा सिरिंज अनेकांनी वापरणे;
(ई) गरोदरपणी, प्रसूतीवेळी वा स्तनपानातून आईकडून बाळाकडे.
हस्तांदोलन, एका ताटात जेवणे, एकच शौचालय वापरणे, खोकला किंवा डास यांमुळे तो पसरत नाही.

४.२.३ शब्दांचे परिणाम
भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नई येथे झाली. पुढे 'एड्स म्हणजे मरण' हे समीकरण रूढ झाले. आज ते खरे नाही. २००४ पासून शासकीय केंद्रांत एआरटी औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके कमी राखल्यास लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. मातेने वेळेवर उपचार घेतल्यास बाळाला असलेला धोकाही पुष्कळच घटतो. परंतु भीतिदायक शब्दांमुळे माणसे चाचणीच टाळतात आणि उपचारास मुकतात. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने नोकरी, शिक्षण व उपचार यांतील भेदभावास मनाई केली आहे. कायद्याने मज्जाव केलेला हा भेदभाव आपल्या वाक्यांतून मात्र पुन्हा डोके वर काढू शकतो. म्हणूनच 'एड्सचा रोगी' असा सरसकट शिक्का न मारता 'एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती' असे म्हणणे अधिक अचूक होय.

४.३ सारांश
एचआयव्ही हा विषाणू, तर एड्स ही त्याच्या संसर्गाची प्रगत अवस्था. संसर्गाचे मार्ग मोजके आहेत. सहवास हा त्यांपैकी नाही.

४.४ स्वयं-अध्ययन प्रश्न
१. 'एड्सची चाचणी' ही शब्दयोजना सदोष का आहे?
२. पुढील वाक्य दुरुस्त करून लिहा : 'एड्सच्या रोग्यांपासून दूर राहा, म्हणजे लागण होणार नाही.' आपण केलेल्या बदलांची कारणे द्या.