गाडीची जागा, माणसाचा हक्क

पुष्कळ घरांत असे एखादे माणूस असते. कुणाचा पाय लहानपणी पोलिओने गेलेला असतो. कुणाला अर्धांगवायूचा झटका आलेला असतो. अशा माणसाला दवाखान्यात न्यायचे म्हणजे घरच्यांची तारांबळ उडते. दारापुढे मोटारसायकलींची गर्दी असते, म्हणून आपली गाडी लांब लावावी लागते. मग कुणी त्याला पाठुंगळीला घेतो, कुणी काखेत धरतो. येणारेजाणारे बघत राहतात. माणूस संकोचतो. पुढल्या खेपेला तो म्हणतो, "राहू द्या, मला न्हाई यायचं." होता होता तो उंबऱ्याबाहेर पडायचाच बंद होतो. आधी पाय गेला होता, आता गाव गेले.

हे टाळता येते. कसे, ते या धड्यात पाहू.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. ज्यांना आपण पूर्वी अपंग म्हणत होतो, त्यांना आता दिव्यांग म्हणतात. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. नव्या कायद्यात २१ आहेत. या कायद्याचे ४१ वे कलम प्रवासाच्या सोयींचे आहे. बसस्थानक आणि रेल्वे स्थानक येथे दिव्यांगांना सोयीची अशी गाडी लावायची जागा असावी, असे त्यात आहे.

ही जागा कशी असावी, याचेही माप सरकारने ठरवले आहे. ती दारापासून ३० मीटरच्या आत असावी. तिची रुंदी ३.६ मीटर, म्हणजे जवळजवळ १२ फूट असावी. एवढी रुंदी कशाला? गाडीचे दार पुरते उघडले पाहिजे. चाकाची खुर्ची दाराला भिडली पाहिजे. माणूस न पडता गाडीतून खुर्चीत बसला पाहिजे.

या जागेवर निळ्या रंगात पांढरी खूण असते. चाकाच्या खुर्चीवर बसलेला माणूस, अशी ती खूण. १९६८ साली डेन्मार्क देशातल्या सुझान कोफोड या विद्यार्थिनीने ती काढली. पुढे तिला डोके जोडले गेले आणि ती जगभर गेली. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही ती वाचता येते. आपल्याला तर अक्षरही येते. मग त्या जागी आपली मोटारसायकल लावायची नाही, एवढे तरी आपण पाळू.

परवाना कोणाचा?

इंग्लंडात १९७१ पासून दिव्यांगांना गाडी लावण्याचा खास परवाना मिळतो. तो गाडीच्या नावाचा नसतो, माणसाच्या नावाचा असतो. तो माणूस ज्या गाडीत बसेल, त्या गाडीला तो चालतो. आपल्याकडे सगळ्या देशात चालेल असा वेगळा परवाना नाही. आपल्याकडे मुख्य कागद म्हणजे दिव्यांगाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. त्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात. तेही माणसाच्याच नावाचे असते, आणि देशभर चालते. राखीव जागेवर कुणी हटकले, तर हेच कार्ड दाखवावे. एस. टी. च्या भाड्यातली सवलतही अपंगत्वाच्या दाखल्यावरच मिळते.

अर्ज कसा करावा?

१. गावातल्या किंवा कन्नडच्या सेवा केंद्रात जावे. अर्ज संगणकावर भरतात. या अर्जाला सरकारची फी नाही. केंद्रवाल्याने आपल्या कामाचे पैसे घेतले, तर पावती मागावी.

२. आधार कार्ड, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि दवाखान्याचे जुने कागद बरोबर न्यावेत. सही येत असेल तर सही करावी. येत नसेल तर अंगठा चालतो.

३. अर्ज पाठवण्याआधी तो आपण स्वतः वाचावा. नाव, बापाचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून पाहावी. एक काना चुकला, तरी पुढे चार खेपा पडतात. "तुम्ही भरा, मला काय कळतंय?" असे आता म्हणू नये. आपल्याला कळते.

४. तपासणीचे रुग्णालय अर्जातच निवडायचे असते. नोंदणीचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

५. बोलावले त्या दिवशी दिव्यांग माणसाला घेऊन जावे. डॉक्टर तपासतात आणि अपंगत्व किती टक्के, ते ठरवतात. ४० टक्के किंवा जास्त असेल, तर बहुतेक सवलती लागू होतात.

६. कार्ड तीन रंगांचे असते. ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ७९ टक्क्यांपर्यंत पिवळे, आणि ८० टक्के व त्यावर निळे.

डॉक्टरांनी नकार दिला, तर त्याचे कारण लेखी मिळाले पाहिजे. त्यावर अपीलही करता येते.

गावात जागा मागू

शहरात निळी खूण दिसते. आपल्या गावात ती नसेल, तर आपण मागावी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर खर्च होतो, हे ग्रामसभेत विचारावे. अर्ज असा लिहावा :

दिनांक ............

मा. सरपंच,
ग्रामपंचायत, देवगाव रंगारी, ता. कन्नड.

विषय : दिव्यांगांच्या गाडीसाठी राखीव जागा मिळणेबाबत.

महोदय,
माझे वडील दिव्यांग आहेत. त्यांच्या प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. त्यांना दवाखान्यात व ग्रामपंचायतीत यावे लागते. दारापाशी गाडी लावायला जागा नसते. तरी दोन्ही ठिकाणी दाराजवळ एक जागा आखून, तेथे दिव्यांगाची खूण काढावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही व पूर्ण नाव)

अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात. एक द्यावी. दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती घरी जपून ठेवावी. तोंडी मागणे वाऱ्यावर जाते, लेखी मागणे दप्तरात राहते.

एक गोष्ट ध्यानात ठेवू

वडील घरी आहेत, मुलगा त्यांचे कार्ड घेऊन एकटाच बाजारात गेला, आणि राखीव जागेवर गाडी लावून बसला. हे बरोबर नाही. त्याच वेळी दुसऱ्या कुणाचा बाप दूर उन्हात उतरत असेल. खोटेपणाने दिव्यांगाचा फायदा घेणाऱ्याला कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

हा अर्ज म्हणजे भीक नव्हे. धडधाकट माणूस जसा आपल्या पायांनी दारातून आत जातो, तसेच आपल्या माणसालाही आत जाता यावे, एवढेच हे मागणे आहे. आणि ते लिहिण्याइतके अक्षर आता आपल्या हाती आले आहे.

प्रश्न

१. राखीव जागा १२ फूट रुंद का ठेवतात?
२. अर्ज पाठवण्याआधी कोणत्या गोष्टी ताडून पाहाल?
३. अर्जाची दुसरी प्रत घरी का ठेवावी?
४. आपल्या गल्लीत दिव्यांग माणसे किती आहेत? त्यांच्यापैकी कुणाकडे कार्ड नाही, ते विचारा. त्या घरच्या माणसाबरोबर बसून वरचा अर्ज वहीत लिहा.