विजयाकल्प आणि जीर्ण वेदनेच्या रुग्णाची दिनचर्या

जीर्ण वेदनेच्या रुग्णास ‘दुखणे किती कमी झाले?’ असे विचारण्याची आपणा सर्वांस सवय आहे. विजयायुक्त कल्प देताना मात्र हा एकच प्रश्न अपुरा पडतो, असे आमचे मत झाले आहे.

शिंपीकाम करणारे साठीतील एक गृहस्थ चार वर्षे गृध्रसीने त्रस्त होते. बस्ती, स्नेहन व गुग्गुळकल्पांनी काही उपशय मिळाला. तथापि कूस बदलताना जाग येणे व शिलाईयंत्रावर अर्ध्या तासाहून अधिक बसता न येणे या तक्रारी कायम होत्या. शोधित विजयेचा कल्प रात्री सुरू केला. दोन आठवड्यांनी वेदनेचा आकडा दहापैकी ७ वरून ६ वर आला, म्हणजे जवळजवळ होता तेथेच. परंतु झोप सलग पाच तास लागू लागली आणि सकाळी दीड तास काम होऊ लागले. केवळ आकडा पाहून औषध थांबविले असते, तर रुग्णाचे नुकसान झाले असते.

पुढे एका रात्री तासाभरात गुण दिसेना म्हणून त्यांनी स्वतःच दुसरी मात्रा घेतली. पहाटे लघवीस उठताना भोवळ येऊन ते पडले. सुदैवाने अस्थिभंग झाला नाही. ते रक्तदाबाची गोळी घेतात हे आम्हास ठाऊक होते, मात्र उभे राहिल्यावरचा रक्तदाब आम्ही एकदाही मोजला नव्हता. ही चूक आमचीच.

शार्ङ्गधरांनी व्यवायी द्रव्याची उदाहरणे म्हणून भांग व अहिफेन सांगितले आहेत. आधी सर्व देह व्यापून मग पाक पावणारे ते व्यवायी. त्यावरून ‘लगेच गुण’ असा समज करून घेणे धोक्याचे आहे. पोटात घेतलेल्या भांगेतील टीएचसी या मादक घटकाचा परिणाम सुरू होण्यास अर्धा ते दोन तास लागतात, यकृतात त्यापासून तितकेच प्रभावी दुसरे द्रव्य बनते आणि परिणाम सहा-आठ तास टिकतो. (प्राचीन सूत्र व नवे संशोधन यांचा ओढूनताणून मेळ घालण्याचा मोह येथे आवरावा.) दुसरी मात्रा त्याच रात्री घ्यावयाची नाही, हे रुग्णास व घरच्यांस स्पष्ट सांगावे. भावप्रकाशात भांग उष्ण, तीक्ष्ण, पित्तल, ग्राही व मोह-मद वाढविणारी म्हटली आहे. ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांनी आधीच मलावष्टंभ असलेल्या रुग्णात ग्राही गुणाचा विचार अवश्य करावा. उन्मादाचा पूर्वेतिहास व गर्भावस्था येथे कल्प देऊ नये. वॉरफरीन चालू असल्यास रक्ताची तपासणी झाल्याविना देऊ नये.

आधुनिक पुरावा एकमुखी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये प्रौढांच्या जीर्ण वेदनेत उपयोगाचा भरीव पुरावा असल्याचे म्हटले. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२१ मध्ये सरसकट वापरास पाठिंबा नाकारला. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेत, नेहमीचे उपचार अपुरे पडल्यास धूम्रपानाविना घ्यावयाच्या कल्पाची चाचणी करून पाहावी, अशी सौम्य शिफारस आहे, वेदना, झोप व हालचाल यांतील अपेक्षित लाभ अल्पच आहे. हे अभ्यास मुख्यतः टीएचसी व तत्सम घटकांच्या ठरावीक मात्रेच्या कल्पांवरील आहेत, आपल्या शोधित पत्रचूर्णावरील नव्हेत. ते आकडे आपल्या पुडीस लावता येणार नाहीत.

म्हणून आम्ही आता पहिल्याच दिवशी रुग्णाकडून तीन गोष्टी लिहून घेतो: रात्री किती वेळा जाग येते, सलग किती वेळ बसता येते आणि दुखण्यामुळे कोणते काम सुटले आहे. चार आठवड्यांनी यांपैकी एकीतही फरक नसल्यास मात्रा वाढवीत न बसता कल्प बंद करतो.

औषधालयचालकांसाठी थोडेसे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने त्या व्याख्येत येत नाहीत. तरीही महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये भांगेस परवाना लागतो. बीजाखेरीज भांग औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये असल्याने, वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना वेष्टनावर इंग्रजी व हिंदीत हवी. वेष्टन फोडून सुट्या गोळ्या दिल्यास ती सूचना रुग्णापर्यंत पोहोचतच नाही. आमच्या त्या रुग्णाकडेही गोळ्या कागदाच्या पुडीतूनच गेल्या होत्या.