जांभळ्या पट्ट्याचा हिशोब

नगररचनेच्या नोकरीत हयात गेली आणि घर बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याचं. त्यामुळे "आपल्याकडे कामधंदा कधी येणार?" हा प्रश्न कचेरीत जेवढा ऐकला तेवढाच बाजार समितीजवळच्या टपरीवरही. त्यातून जे उमगलं ते लिहितो. क्रम महत्त्वाचा नाही, आठवेल तसा आहे.

१. आकडा वरून येतो. आपण तो खालून मोजावा.

प्रादेशिक योजनेतलं गणित साधं असतं. वीस वर्षांनंतरची लोकसंख्या काढायची, त्यात काम करणारे किती ते प्रमाणाने ठरवायचं, शेतीवर राहतील ते वजा करायचे. उरलेल्यांना 'हेक्टरी किती माणसं' याने भागलं की औद्योगिक जागा निघते आणि नकाशावर जांभळा रंग भरला जातो. आपल्याकडे तर हिंगोली, बुलढाणा, वाशिम आणि नांदेड मिळून एक प्रदेश धरला गेला. पूर्णेच्या खोऱ्यातलं नांदुरा आणि गोदाकाठचं नांदेड एका सरासरीत बसवलं, तर त्या आकड्यात आमची सरकी, डाळ, मका दिसणार तरी कुठे?

२. रोजगार महिन्यांत मोजावा.

माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी गोष्ट. जिनिंग दिवाळीनंतर जोरात सुरू होतं आणि होळीच्या आसपास मंदावतं. तेवढ्या काळात आवारात बघा: कापसाच्या गंजीपाशी कवडी आणि काडीकचरा वेचणाऱ्या बाया, नाकातोंडाला बांधलेला पदर, भुवयांवर साचलेली रुई; प्रेसवर गठाणी बांधणारे, सरकीची पोती भरणारे, ट्रकवर चढवणारे हमाल. जूनमध्ये त्याच फाटकाला कुलूप असतं. पाहणीला आलेला माणूस बहुधा उन्हाळ्यात येतो आणि 'बंद कारखाना' असं टिपून जातो.

त्यात जनगणनेची भर. २०११च्या व्याख्येप्रमाणे वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामकरी, कमी केलं तर सीमांतिक. चार महिने जिनिंगमध्ये आणि त्याहून जास्त दिवस निंदण-खुरपणात घालवणारी बाई मुख्य कामकरी ठरते खरी, पण शेतमजूर म्हणून. तिचं कारखान्यातलं काम कागदावर उरतच नाही. मग अहवालात 'औद्योगिक रोजगार अल्प' असं वाक्य येतं आणि त्याच्या आधारावर पुढचं उद्दिष्ट ठरतं. पाहणी जानेवारीत करा, एवढंच मी वर्षानुवर्षं सांगत आलो. अजून सांगतो.

३. नवी जागा मागण्याआधी जुनी राखावी.

गावं वाढली तशी जिनिंगची जुनी आवारं वस्तीच्या मधोमध आली. जमिनीचा भाव वाढला की मालकाला मशीनपेक्षा लेआउट परवडतो. २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत अटी पाळून औद्योगिक पट्ट्यात राहण्याला परवानगी घेता येते, म्हणजे सगळं कायदेशीरच. मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं: १९८२चा संप, १९९१चा जमिनीचे तीन वाटे करणारा नियम, २००१मध्ये त्यातली दुरुस्ती, आणि मग टॉवर. योजनेच्या तक्त्यात येणारे रोजगार मांडले जातात. जाणाऱ्यांसाठी तिथे रकाना नसतो. तो मागून घ्यावा.

४. पाण्याचा उगम लिहिल्याशिवाय रंग भरू नये.

तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. बोअर मारली तर पाणी लागतं, पण बॉयलरला चालत नाही. जिगाव धरणाच्या प्रकल्पाकडे सगळे डोळे लावून आहेत. तो याच तालुक्यात, पूर्णेवर आहे. एका सभेत एक म्हातारबा उठून म्हणाले, "सायेब, रंग तं देल्ला, पानी कोठून देसान?" सभेत त्याहून नेमका प्रश्न कोणी विचारला नाही. पाण्याबरोबर मातीही बघावी. आमची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया स्वस्तात उरकला तर शेडचा कोबा दोन-तीन वर्षांत उलतो.

५. हेक्टर फसवा असतो.

तेवढ्याच जागेत शिवणकामाच्या शेडमध्ये शेकड्यांनी माणसं बसतील, गोदामात एक चौकीदार आणि एक कारकून. हमाल गाडी लागली की येतात. दोन्ही जागा नकाशावर सारख्याच जांभळ्या.

६. कामाची जागा कुठे यापेक्षा रात्री अकराला घरी कसं यायचं, ते आधी विचारावं.

एका बाजूला खामगाव, दुसऱ्या बाजूला मलकापूरजवळची दसरखेड एमआयडीसी. दोन्ही जाण्यायेण्याच्या टप्प्यात. महामार्ग आहे, रेल्वे आहे. तरी दुसरी पाळी सुटते तेव्हा खेड्याकडे जाणारी एसटी निघून गेलेली असते. पोराकडे मोटरसायकल असली तर त्याची नोकरी टिकते. पोरीची तिथेच सुटते. नांदुऱ्यात वेगळी औद्योगिक वसाहत मागणाऱ्यांनी पाळीच्या वेळेची बसही मागावी. ती लवकर मिळेल.

७. उद्दिष्टापुढे कोणाचं तरी नाव हवं.

योजना जमीन दाखवते. संपादन एमआयडीसीचं, वीज महावितरणची, पाणी आणखी कोणाचं. नवी मुंबईसाठी १९७०मध्ये सिडको निघाली, मुंबईवरचा भार हलवायला. कांदा-बटाटा बाजार वाशीला गेला, लोखंड बाजार कळंबोलीला, बंदराचं बरंचसं काम न्हावा-शेव्याला. मंत्रालय जिथे होतं तिथेच आहे. जे हलवण्याची जबाबदारी कोणीतरी घेतली ते हललं.

८. हरकत नोंदवावी, पुराव्यासकट.

शहराची विकास योजना प्रसिद्ध झाली की हरकतीला ३० दिवस मिळतात. येणाऱ्या बहुतेक हरकती 'माझ्या प्लॉटवर आरक्षण का' याच असतात, आणि त्यात गैर काही नाही. पण जिनिंगच्या आवारात हंगाम काढणाऱ्यांचा अर्ज मला नोकरीत कधी दिसला नाही. करायचा असेल तर जानेवारीचं हजेरीपत्रक जोडा, त्यावर गावांची नावं असू द्या, आणि पोच घ्या.